शेकड्याची खूण

रंगूआत्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, त्याला दोन हजार सातच्या फाल्गुनात नऊ वर्षं झाली होती. बोटांबरोबर तिचं गाणंही गेलं. बोटं कशामुळे गेली, हे मखमलाबादेत केव्हाच ठरून गेलेलं: आत्याच्या घाईमुळे. आत्याही तेच सांगायची. "गात बसले आन् हात पुढं गेला. माझ्याच गळ्यानं माझी बोटं खाल्ली," असं म्हणून ती पदर ओढून घ्यायची आणि विषय संपवायची. खरं काय ते पुरतं दोघांनाच ठाऊक होतं. एक साधना मॅडम, त्या नोकरी सोडून सांगलीला गेल्या त्या गेल्याच. दुसरा मी.

आत्यानं मला मोजायला शिकवलं. आमचा भाजीचा मळा होता, मेथी, कोथिंबीर, कडेला शेवंती. दुपारी विहिरीपाशी जुड्या बांधायला बायका बसत आणि मी आत्याच्या मांडीला मांडी लावून. ती कधी 'एक' म्हणत नसे. लाभ, दोन, तीन, चार. पहिल्याला लाभच म्हणायचं. शंभर झाल्या की शंभरावी जुडी पोत्यावर बाजूला. ती त्या शेकड्याची खूण. किती खुणा पडल्या ते बघितलं की किती शेकडे झाले ते कळे. मी एकदा आळसानं हाताला आलेली भलतीच जुडी उचलून पोत्यावर टाकली, तर मनगटावर चापट बसली.

"शंभराव्याचा मान शंभराव्यालाच, ललू. दुसऱ्याला देऊ नाय."

आणि मोजता मोजता ती गायची.

लाभाची गं पहिली जुडी, दुसरी भावाच्या नावाची,
शेकड्याला ठेवा खूण, मग वाट बाजारगावाची.

गाणं आणि मोजणं तिच्यात वेगळं नव्हतंच. ओवी सरली की किती जुड्या झाल्या ते तिला आपोआप कळे. मोजताना मध्येच कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची, हसायची, शिवी द्यायची, आणि आकडा तसाच पुढे चाललेला.

पुढे मळ्याच्या अर्ध्या भागात प्लॉट पडले. मी डिप्लोमा करून अंबडला एका छोट्या कंपनीत लागलो. सहा माणसांची कंपनी. मशीन चालवणारे डबे आम्ही बनवायचो. डब्यात बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठी चिप, चिपमध्ये प्रोग्रॅम, आणि त्या प्रोग्रॅमच्या हुकमानं मोटर, ब्रेक, दिवे सगळं हलायचं. तिथून तीन गल्ल्या पुढे पत्र्याच्या क्लिपा कापणारा एक कारखाना होता. तिथे आत्याला मीच चिकटवलं. मामा, म्हणजे तिचे यजमान कोंडाजी, त्या दिवशी म्हणाले, "बघ बाबा, तिला जुड्या बांधायची सवय. क्लिपांच्या पण जुड्या बांधायची ती."

"बांधीन! तुमच्या मिशाबी बांधीन मधी," आत्या म्हणाली.

त्या कारखान्यानं सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात आमच्याकडे नव्या डब्याची मागणी केली. पत्रा कापणाऱ्या प्रेसला पुढून एक उजेडाचा पडदा बसवायचा होता. दोन खांब, एकातून उजेड सुटतो, दुसऱ्यावर पडतो. मध्ये हात आला, उजेड अडला, की प्रेस जागच्या जागी थांबली पाहिजे. हे थांबवणं प्रोग्रॅमचं काम आणि प्रोग्रॅम माझा. उजेड अडल्यापासून ब्रेकला हुकूम जाईपर्यंत जास्तीत जास्त चाळीस मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. चाळीसच्या आत हुकूम गेला तर वरचा ठोकळा हाताच्या वर थांबतो. चाळीसच्या पुढे गेला तर थांबतो, पण हाताच्या वर नाही.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी मी चाचण्या घेतल्या. आईचं लाटणं घेऊन गेलो होतो. उजेडात लाटणं घालायचं, किती वेळात हुकूम गेला ते यंत्राच्या पडद्यावर वाचायचं, लिहायचं. पुन्हा लाटणं. दोन सुट्ट्या त्यात घालवल्या. तिसऱ्या दिवशी साधना मॅडमना वही दाखवली. त्या आमच्यातल्या सगळ्यात शिकलेल्या. सातवा महिना होता त्यांना, खुर्चीत उशी घेऊन बसायच्या.

"किती वेळा मोजलंस?"

"दोन हजार वेळा, मॅडम. सगळ्यात जास्त आला एकोणीस."

"बरं. आणि दोन हजार एकाव्या वेळी?"

"तेवढ्यातच येईल की."

"हे तू म्हणतोस. प्रोग्रॅमला विचारलंस का?" त्या हसल्या, आणि मग हसू आवरून कागद ओढला. "मोजल्यानं झालेलं कळतं, ललित. होऊ शकेल ते मोजून कळत नाही, ते बेरीज करून काढावं लागतं. तुझा प्रोग्रॅम काय काय कामं करतो ते लिही. प्रत्येकाला जास्तीत जास्त किती वेळ लागतो ते लिही. मग असं धर, की सगळी कामं एकाच क्षणाला अंगावर आली. आणि नेमका तेव्हाच हात आला. बेरीज चाळीसच्या आत बसली तरच सही कर."

पुढच्या आठवड्यात त्या बाळंतपणाला माहेरी, सांगलीला गेल्या, आणि पुढे तिथूनच नोकरी सोडली. बेरीज मी एकट्यानं केली. आली अठ्ठेचाळीस.

कुठे वाढली तेही लगेच सापडलं. वीज गेली तर नगांचा आकडा पुसला जाऊ नये म्हणून प्रोग्रॅम तो आकडा एका जपणाऱ्या चिपमध्ये लिहून ठेवी. दर नगाला लिहिलं तर ती चिप लवकर झिजते, म्हणून दर शंभराला. लिहायला तीस मिलिसेकंद लागत, आणि लिहिताना प्रोग्रॅम उजेडाकडे बघत नसे. खाली मान घालून लिहीत बसे.

मी मॅडमना सांगलीला फोन लावला. मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं, त्यांचं नव्हे, अजून वेळ होता.

"मग देऊ नकोस डबा," त्या म्हणाल्या. "लिहिणं तुकड्यातुकड्यानं कर. एक तुकडा लिहिला की मान वर करून उजेड बघायचा, मग पुढचा. आठ दिवसांचं काम आहे. आठ दिवस माग."

आमचे मालक भिमाजीशेठ काही वाईट माणूस नव्हते. मी आठ दिवस मागितले असते तर कुरकुर करून दिले असते. पण मी आठ दिवस मागायला गेलो आणि दारातून आत जाईपर्यंत माझ्याच डोक्यात दुसरं गणित उभं राहिलं. मी त्यांना म्हणालो, "शेठ, थोडी खोट आहे, पण ती शंभर नगांतून एकदाच येते. तीही तीस मिलिसेकंद. नेमका त्याच तिसात कुणाचा हात यायचा म्हणजे…"

"म्हणजे एक कुंभमेळा होऊन दुसरा यायचा!" शेठ हसले. "मग काय करू म्हणतोस?"

"देऊन टाकू. सावकाश दुरुस्त करीन."

वाक्य माझं होतं. त्यांनी फक्त मान हलवली. चाचणीच्या कागदावर 'जास्तीत जास्त वेळ' असा रकाना होता. त्यात मी एकोणीस लिहिलं. खोटं नव्हतं ते. दोन हजार वेळा मोजलेलं होतं. खाली सही केली, निळ्या शाईनं, ललितमधला शेवटचा त जरा लांब ओढून. मला तेव्हा सहीची हौस होती.

डबा बसवायला मी गेलो तेव्हा प्रेसवर आत्याच होती. नवा उजेड बघून तिला काय आनंद झाला! हात घाली, प्रेस थांबे. काढी, पायानं पेडल दाबी, प्रेस सुरू. पुन्हा हात.

"अगं बया, हे तर नव्या जावयावानी लाजतंय. हात दावला की थांबतंय!"

शेजारच्या प्रेसवरची छाया म्हणाली, "आत्याबाई, जावयाला जास्त लाजवू नका, पळून जाईल."

मग कामाला लागली. पत्र्याची पट्टी आपोआप पुढे सरके, ठोकळा पडे, क्लिप तबकात. ठोका, ठोका, ठोका. आणि आत्या गाऊ लागली. एका ओळीला दहा ठोके. दोन ओळींची ओवी, म्हणजे वीस. पाच ओव्या झाल्या की शेकडा. मी उभा राहून ऐकत होतो. पाचवी ओवी संपली, आणि शेवटच्या अक्षरावर आत्याचा हात सरळ उजेडात गेला. प्रेस थांबली. तिनं तबकातली ती शेवटची क्लिप, शंभरावी, उचलून बाजूच्या फळीवर ठेवली.

"अगं, डबा मोजतोय की सगळं. आकडा दिसतो वरती," मी म्हणालो.

"त्याचं त्याच्यापाशी. माझी खूण माझ्यापाशी."

मी ते पाहिलं. पाहून हसलो. मला आमची विहीर आठवली, ओली मेथी आठवली. अठ्ठेचाळीस माझ्या डोक्यात होते आणि आत्याचा हात माझ्या डोळ्यांपुढे होता. दोन्ही शेजारी मांडायला एक क्षण पुरला असता. तो मी दिला नाही. नेमका त्या तिसात कुणाचा हात यायचा, हे मी शेठना विचारलं होतं. उत्तर माझ्यासमोर ओवी गात बसलं होतं.

ती दिवसाला दीड-दोनशे शेकडे काढी. आठ महिने. दर शेकड्याला तिचा हात आणि माझ्या प्रोग्रॅमची खाली गेलेली मान एकमेकांच्या जवळून जात असतील, केसाच्या अंतरानं. शंभर झाले की एक दिवा लागायचा. दिवा पाहून हात घातला असता तर काही झालं नसतं, कारण दिवा दिसून माणसाचा हात हलेपर्यंत तीस मिलिसेकंद केव्हाच सरून जातात. पण आत्याला दिवा कशाला हवा? तिला ओवी सांगायची. आणि ओवी ठोक्याला चुकत नसे. नग तबकात पडून मोजला जाईपर्यंत ठोकळा पुन्हा खाली यायला निघालेला असे. फाल्गुनातल्या एका दुपारी तिचा हात ठोक्यावर पडला, अगदी ठोक्यावर.

दवाखान्यात मी गेलो तेव्हा ती शुद्धीवर होती. मला म्हणाली, "ललू, तुझ्या डब्याला काय नाय ना रे झालं?"

चौकशी कारखान्याच्याच खोलीत झाली. तीन माणसं, चहाचे कप. आत्याला हाताला फडकं बांधून आणली होती.

"गात होता का तुम्ही?"

"व्हय. गात व्हते."

"लक्ष कुठं होतं?"

आत्यानं हातावरचं फडकं सारखं केलं. लक्ष कुठं होतं म्हणून काय सांगणार, तिचं सगळं लक्ष तर मोजण्यातच होतं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, डबा बरोबर होता ना? मी कागद पुढे केला. दोन हजार चाचण्या, एकोणीस मिलिसेकंद, खाली माझी लांब शेपटाची सही. बेरीज कुणी विचारली नाही. मीही सांगितली नाही. त्यांनी लिहिलं: कामगाराची घाई व दुर्लक्ष. आत्यानं डाव्या हाताचा अंगठा उठवला. सही येत होती तिला, पण उजव्या हाताची.

त्यानंतरच्या आठ दिवसांत मी लिहिण्याचं काम तुकड्यातुकड्यानं केलं. आठच दिवस लागले, मॅडम म्हणाल्या होत्या तेवढेच. बाहेर गेलेल्या अकराही डब्यांतल्या चिपा मी स्वतः फिरून बदलल्या. 'नवा प्रोग्रॅम आलाय' एवढंच सांगितलं. पुन्हा कुणाला खरचटलंही नाही. मॅडमना पत्र लिहून सगळं कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: तुझ्या आत्याला सांगितलंस का?

ती ओळ नऊ वर्षं माझ्या कपाटात राहिली.

राखीचं लग्न ठरलं दोन हजार सातच्या वैशाखात. राखी आत्याची एकुलती एक. हळद दळायला शेजारच्या बयाबाईच्या घरून जातं आणलं, त्याला सुपारी बांधली, पाच सवाष्णी बसल्या. मी ओसरीवर मांडवाच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत होतो. आतून बयाबाईचा आवाज आला. "रंगे, गळ्याला कुलूप लावलं व्हय गं? पोरीच्या हळदीला बी उघडीत नाय!"

"कुलूप नाय बयाबाई. किल्ली मशिनीत पडली."

बायका हसल्या. पण राखी हसली नाही. "आई, एक ओवी. एकच. लहानपणी तू गायचीस ती तरी."

"नको माझे बाई. माझ्या गाण्याचा गुण वाईट हाय. माझं मला फेडावं लागलं. तुझ्या हळदीला त्याची सावली नको."

राखी उठून आतल्या खोलीत गेली. जातं थांबलं. माझ्या हातातली दोरी तशीच राहिली. नऊ वर्षं मला वाटत होतं की आत्याची दोन बोटं गेली आणि ती आता भरून येणार नाहीत, मग सांगून काय उपयोग. त्या दुपारी कळलं, की बोटं गेली ती एकदाच. गाणं रोज जात होतं.

मी तिला विहिरीपाशी बोलावलं. विहीर आता बुजवलेली, वर कठडा तेवढा राहिलेला. आत्या कठड्यावर टेकली.

"काय रे, आचारी पळाला का?"

"आत्या, तुझ्या गाण्यानं काही झालं नाही. घाईनंही नाही. माझ्या डब्यात खोट होती."

मी सांगत गेलो. जेवढं सोपं करता येईल तेवढं केलं. शंभरावा नग पडला की मशीन आकडा लिहून ठेवायचं. लिहिताना ते उजेडाकडे बघायचं नाही.

"किती येळ नाय बघायचं?"

"पापणी लवते त्याच्या पावपट."

"एवढ्यानं?"

"एवढ्यानं."

आत्या आपल्या हाताकडे बघत होती. "म्हंजी ते बी मोजीत व्हतं आन् मी बी मोजीत व्हते."

"हो."

"दोघंबी शेकड्याला खूण ठेवीत व्हतो."

"हो, आत्या."

"मग त्याचा काय दोस? त्याला कुणी सांगितलं नसंल का खूण ठेवताना मान वर ठेवायची." ती थांबली. "आन् तुला ठावं व्हतं?"

"बेरीज करून कळलं होतं. वाटलं, असं नेमकं कधी होणार नाही."

"शेकड्याला मी हात घालते, हे ठावं व्हतं?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. तिनं जणू तेवढी जागा ठेवली होती.

"पहिल्याच दिवशी पाहिलं होतं."

मांडवात कुणीतरी खुर्च्या आपटत होतं. आत्यानं तिकडे मान वळवली. मग अगदी हळू म्हणाली, "तुला मोजायला कोणी शिकवलं, ललू?"

"तू."

"नऊ वर्सं झाली." तिनं डाव्या हातानं उजव्या हाताची उरलेली बोटं धरली, एकेक. "पैल्या वर्साला काय म्हणायचं रे? लाभ?"

मी वाट बघत होतो की ती मनगटावर मारील, तेव्हासारखी. तिनं मारलं नाही. उठली, पदर खोचला आणि घरात गेली.

थोड्या वेळानं जात्याची घरघर सुरू झाली. मी ओसरीशी आलो, आत गेलो नाही. दारातून आत्याचा हात दिसत होता, तीन बोटांत धरलेला खुंटा. पहिल्या ओळीला आवाज गंजलेल्या कडीसारखा कुरकुरला. बायका थांबल्या. मग तिनं खाकरून पुन्हा उचलला.

तीन बोटी धरी खुंटा, हळद येते पिवळी,
लेक माझी चालली गं, जशी शेवंती कवळी.

राखी धावत बाहेर आली आणि आईच्या पाठीवर डोकं ठेवून बसली. बयाबाई म्हणाली, "अगं, किल्ली घावली गं हिची!" आणि आत्यानं तिच्याकडे न बघता दुसरी ओवी घातली. ती मी कधी ऐकली नव्हती. बहुतेक आधी कुणीच ऐकली नव्हती.

पाचांमधल्या दोघीजणी निघून गेल्या सासरी,
तिघी माझ्या थापतात दोघींच्या वाट्याची भाकरी.

मांडवाच्या दोऱ्या मी नंतर बांधल्या. गाठी घट्ट बसेनात.

दळण झाल्यावर आत्या हळदीची वाटी घेऊन बाहेर आली. जमलेल्या सगळ्या पुरुषांच्या कपाळाला बोट लावत गेली. मामांना लावलं, व्याह्यांकडच्या दोघांना लावलं. माझ्यापाशी आली. माझ्याही कपाळाला लावलं, सगळ्यांना लावलं तेवढंच, ना कमी ना जास्त.

"ललितराव," ती म्हणाली, "पान वाढलंय. जेवून जावा."

तेव्हापासून गावात कुणाच्याही घरी हळद असली की आत्याला बोलावणं येतं आणि ती जाते, गाते. माझ्याशी नीट बोलते. सणाला जेवायला बोलावते. मुलांची चौकशी करते. पण ललू म्हणत नाही.